चित्रकाराच्या मृत्यूला ६० वर्षे उलटलेल्या चित्रांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली असावीत का?

धागाकर्ता

हातात दिवा धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे ते जलरंगातील चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी दिनदर्शिकेवर किंवा मोबाइलवर पाहिले असेल, आणि त्याखाली ‘राजा रविवर्मा’ असे नावही अनेकदा वाचले असेल. ते चित्र सावळाराम हळदणकरांचे आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते रंगवले गेले तेव्हा रविवर्म्यांना जाऊन जवळजवळ ४० वर्षे झाली होती. चित्रकाराचे नाव, माध्यम, माप आणि ठिकाण यांची नोंद सोबत असलेले चांगले छायाचित्र आधीपासून सर्वांच्या हाती असते, तर ही चूक इतकी खोल रुजली नसती, असे मला ठामपणे वाटते.

आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी चित्रावरील स्वामित्वहक्क (कॉपीराइट) संपतो. हळदणकर १९६८ साली गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांसाठी २०२८ संपेपर्यंत थांबावे लागेल, आणि मी थांबणार आहे. परंतु आबालाल रहिमान (१९३१), धुरंधर (१९४४), औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१९५१) आणि बाबूराव पेंटर (१९५४) यांच्या चित्रांचे काय? ज्याच्याकडे कॅन्व्हास आहे तो त्या कॅन्व्हासचा मालक आहे, त्यावरील प्रतिमेचा नाही. म्हणून अशी छायाचित्रे ऑनलाइन संग्रहात पूर्ण आकारात आणि नावाचा कोणताही शिक्का (वॉटरमार्क) न मारता ठेवावीत, आणि ती कोणालाही कशासाठीही वापरता यावीत, असे माझे मत आहे.

गेल्या वर्षी कोल्हापुरातील एका जुन्या घरी १९५०पूर्वीच वारलेल्या एका स्थानिक चित्रकाराने काढलेले व्यक्तिचित्र टिपताना आम्ही चौकट भिंतीवरून उतरवली. मागचा पुठ्ठा अर्धा वाळवीने खाल्लेला होता, आणि उरलेल्या भागावर चित्रासाठी बसलेल्या मुलीचे नाव, तिथी आणि ठरलेली रक्कम पेन्सिलीने लिहिलेली होती. आणखी दोन पावसाळ्यांत ती ओळ गेली असती.

पहिला प्रतिसाद (विरोधात)

मी अनेक वर्षे एका लहान संग्रहालयात काम केले आहे, म्हणून सांगतो की आपण कायद्याचा एकच धागा धरला आहे. प्रतिमेवरील हक्क संपला तरी दालनात कॅमेरा न्यायचा की नाही हे ठरवण्याचा संस्थेचा अधिकार संपत नाही. प्रवेशिका घेताना आपण ती अट मान्य केलेली असते. ही अट हट्टापायी घातलेली नसते. जलरंग उजेडाने विटतात आणि ती हानी भरून येत नाही. एकाला सूट दिली की शंभर जण फ्लॅश मारतात, आणि प्रत्येकामागे उभा राहायला आमच्याकडे माणूस नसतो.

दुसरी गोष्ट छायाचित्राच्या दर्जाची. काचेआडच्या चित्राचे मोबाइलने काढलेले छायाचित्र मी पुष्कळदा पाहिले आहे: वर ट्यूबलाइटची पांढरी रेघ, मध्यभागी छायाचित्रकाराचाच शर्ट, आणि धुरंधरांचा मऊ पिवळा रंग हळदीसारखा भडक झालेला. ते एकदा सर्वत्र पसरले की तोच मूळ रंग समजला जातो. चुकीच्या नावाबद्दल आपल्याला जितकी कळकळ आहे, तितकीच चुकीच्या रंगाबद्दल असायला हवी.

दुसरा प्रतिसाद (धागाकर्त्याच्या बाजूने)

जपणूक म्हणजे कुलूप, ही समजूत आपल्याला फार महाग पडली आहे. रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराने अजिंठ्यात वर्षानुवर्षे राहून केलेल्या तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी त्या पुन्हा केल्या, आणि १८८५ साली लंडनमधल्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत त्यांतल्याही अनेक जळाल्या. मुंबईच्या मुलांनी लेण्यांच्या अंधारात बसून केलेले ते काम एकाच ठिकाणी होते, म्हणून गेले. आज एक फाइल दहा ठिकाणी ठेवता येते आणि त्यासाठी कोणतेही चित्र जागचे हलवावे लागत नाही.

सपाट चित्राच्या जशाच्या तशा छायाचित्रावर नवा स्वामित्वहक्क सांगणेही मला पटत नाही. न्यायनिवाड्यांच्या संपादित प्रतींबद्दलच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने नुसते श्रम पुरेसे नाहीत, थोडी तरी सर्जनशीलता हवी, असे म्हटले होते. तो निकष येथे लावला, तर संग्रहालयाचा शिक्का कशाच्या आधारावर टिकेल?

तिसरा प्रतिसाद (विरोधात)

मी चित्रकार आहे आणि माझा निर्वाह चित्रांवर चालतो. माझ्या एका प्रदर्शनात कोणीतरी टिपलेले चित्र पुढे फर्निचरच्या दुकानात कॅन्व्हासवर छापून विकायला ठेवलेले मला दिसले. उजव्या कोपऱ्यातील माझी सही तेवढी कापलेली होती. तुम्ही ६० वर्षांची मर्यादा काटेकोरपणे पाळाल, परंतु ‘चित्र दिसले की टिपा आणि चढवा’ ही सवय एकदा लागली की मर्यादा कोण मोजत बसणार? रस्त्यावरील भित्तिचित्रांचेही तेच होते. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करण्याची मुभा कायदा देतो. चित्राला मात्र ती सवलत नाही. हे छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

शिवाय नावाचा आणि कलाकृतीच्या अखंडतेचा हक्क वेगळा असतो. विज्ञान भवनातील आपल्या भित्तिशिल्पाची हेळसांड झाली म्हणून अमरनाथ सहगल न्यायालयात गेले, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिल्प सरकारने विकत घेतलेले असूनही हा हक्क शिल्पकाराकडेच राहिला होता.

धागाकर्त्याचे उत्तर

सहीबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. सही किंवा चौकटीकडची कड कापलेले छायाचित्र संग्रहाने स्वीकारूच नये, आणि हयात चित्रकाराचे चित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नये. रंगाचा आक्षेपही खरा आहे. कोल्हापुरात आम्ही काच काढून, उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात, ट्रायपॉडवर कॅमेरा चित्राला अगदी समांतर लावून, पहिल्या छायाचित्रात शेजारी रंग पडताळण्याची रंगपट्टी ठेवून काम केले. एका चित्राला पाऊण तास लागला.

मात्र प्रवेशाच्या अटीबाबत माझे मत बदललेले नाही. अट चित्राच्या रक्षणासाठी असेल, तर संस्थेने आपल्या देखरेखीखाली एकदा नीट छायाचित्रण करून ते खुले करावे, म्हणजे शंभर जणांना कॅमेरा काढावाच लागणार नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची संगणकप्रणाली केलेली आहे. लहान संस्थांकडे मनुष्यबळ नाही हे मी समजू शकतो, आणि तेथे आमच्यासारख्यांनी सवडीने जाऊन हात द्यायला हवा.

पहिला प्रतिसाद, पुन्हा

देखरेखीखाली एकदाच छायाचित्रण करण्यास माझी हरकत नाही. शिक्क्याविना आणि पूर्ण आकारात देण्यास आहे, कारण प्रतिमांच्या शुल्कातून आमच्या काचा आणि चौकटी दुरुस्त होतात. एक प्रश्न मात्र राहतो. त्या पुठ्ठ्यावरील मुलीचे नाव आणि रक्कम आपण संग्रहात चढवलीत का?

धागाकर्ता

घरच्यांना विचारले. रक्कम द्यायला त्यांची ना नव्हती, परंतु आजीचे नाव जाहीर होऊ नये असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणून समोरची बाजू पूर्ण आकारात खुली आहे, तिथी आणि रक्कम नोंदीत आहे, आणि पुठ्ठ्याचे छायाचित्र फक्त त्यांच्याकडे आहे.