कापरापासून नॅनोट्यूब: खरंच कामाचं की नुसतं पेपरांपुरतं?

भट्टीवाली

कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या काही नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या, कशा बनवायच्या यावर बोलणं निघालं की तीच तीन नावं येतात, आर्क, लेझर आणि सीव्हीडी, आणि सगळे शेवटी सीव्हीडीपाशी (केमिकल व्हेपर डिपॉझिशन, म्हणजे भट्टीत कार्बनची वाफ किंवा गॅस धातूच्या बारीक कणांवर तोडून नळ्या वाढवायच्या) येऊन थांबतात. ते बरोबरच आहे. १९९१ मध्ये जपानात त्सुकुबाला एनईसीच्या लॅबमध्ये सुमिओ इजिमांना ज्या नळ्या दिसल्या त्या आर्कच्या होत्या, म्हणजे ग्राफाइटच्या दोन कांड्या जवळ आणायच्या, निष्क्रिय वायूत आर्क पेटवायचा आणि कॅथोडवर जे साठतं ते खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायचं. लेझर म्हणजे अमेरिकेत राइस विद्यापीठातला स्मॉलींचा गट, १२०० अंशांची भट्टी आणि आत कोबाल्ट-निकेल मिसळलेलं ग्राफाइट, त्यावर लेझर मारायचा. दोन्हीतून माल येतो पण चिमूटभर.

माझा मुद्दा पुढचा आहे. सीव्हीडीत कार्बन कशातून द्यायचा हे आपल्याकडे कोणी विचारतच नाही, मिथेन नाहीतर अ‍ॅसिटिलीन नाहीतर इथिलीन, सगळं सिलिंडरमधलं आणि सगळं पेटणारं. आणि इथे आयआयटी मुंबईत महेश्वर शॅरन यांच्या गटाने १९९४ मध्येच कापरापासून फुलरीन (कार्बनचे चेंडूसारखे पोकळ रेणू) काढून दाखवले होते, पुढे कापरापासून नळ्याही झाल्या. मग मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी नागोयाच्या मेइजो विद्यापीठात ते काम पुढे नेलं, झिओलाइट या सच्छिद्र खनिजावर लोह-कोबाल्टचा उत्प्रेरक, ६५० अंश, आणि टाकलेल्या कापराच्या जवळजवळ निम्म्या वजनाच्या नळ्या हातात! कापूर घन आहे, स्वस्त आहे, बरणीत ठेवता येतो, उत्प्रेरक कमी लागतो. तरी आपल्याकडच्या कारखान्यांनी याला हात का लावला नाही? मला तरी हा निव्वळ घरकी मुर्गी प्रकार वाटतो.

मु. पो. अंबरनाथ

असहमत. तीस वर्षं केमिकलमध्ये काढल्यावर 'हरित' शब्द दिसला की मी आधी पाकिटावरचं लेबल वाचतो. बाजारात मिळतो तो बहुतेक कापूर झाडाचा नाही हो, टर्पेंटाइनमधून अल्फा-पायनिन काढायचं, त्याचं कॅम्फिन करायचं, मग पुढच्या दोन-तीन पायऱ्या, तेव्हा कुठे कापूर. म्हणजे एका कारखान्यात मेहनतीने रेणू बांधायचा आणि दुसऱ्या कारखान्यात भट्टीत तोच तोडायचा, आणि याला स्वस्त म्हणायचं. मिथेन पाइपमधून येतो. आणि मिथेन तुटला की प्रत्येक ३ किलो कार्बनामागे १ किलो हायड्रोजन मिळतो, तो विकता येतो. तुमचा कापूर तुटला की बाहेरच्या वाफेत बेंझिन-टोल्युइन सापडतं. ते कुठे सोडणार, उल्हास नदीत?

भट्टीवाली

@अंबरनाथ, टर्पेंटाइन पाइनच्या डिंकातूनच येतं ना, जमिनीखालून नाही काढत. आणि मिथेनमधला कार्बन सगळा नळीत जातो असं कोण म्हणालं, बराचसा न तुटता बाहेर पडतो आणि परत फिरवावा लागतो. बेंझिनचं म्हणाल तर अ‍ॅसिटिलीनवाल्या भट्टीच्या एक्झॉस्टमध्ये काय गुलाबपाणी असतं का?

पीएचडीग्रस्त

दोघांचंही भांडण लांबून चाललंय म्हणून प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो, मी कापूर-फेरोसीन केलेलं आहे (फेरोसीन म्हणजे लोखंड असलेलं संयुग, उत्प्रेरकाचं लोखंड त्यातून येतं).

क्वार्ट्झची नळी, दोन भट्ट्या, पहिल्या भट्टीत बोटीत कापूर आणि फेरोसीन, दुसरी ८००-८५० वर, आणि आर्गॉन. फेरोसीनचे नारिंगी खडे, त्यांचा वासही कापरासारखाच, त्यामुळे लॅब कायम देवघरासारखी. रन झाल्यावर नळी गार करून बघितली की गरम भागात भिंतीला काळा मखमली थर, स्पॅट्युलाने ओढला की पापुद्र्यासारखा सुटतो, बघायला भारी वाटतं. पण दुसऱ्या टोकाला, जिथे नळी थंड असते, तिथे कापूर परत पांढरा होऊन बसतो. जास्त बसला की नळी तुंबते, बबलरमधले (बाहेर पडणारा गॅस ज्या द्रवातून सोडतात ती बाटली) बुडबुडे मंद होतात आणि आत प्रेशर चढायला लागतं.

आणि खरी अडचण ती पण नाही. गॅसला फ्लो कंट्रोलर असतो, आकडा टाकला की तेवढाच गॅस जातो. कापूर बोटीत उडत जातो तसा त्याचा पृष्ठभाग कमी होतो, म्हणजे सुरुवातीला भसाभस आणि शेवटी थेंब थेंब. त्यामुळे एकाच रनमधल्या नळ्यांची जाडी सारखी येत नाही. पेपरात एसईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) फोटोतला सगळ्यात सुंदर कोपरा छापला जातो. कारखान्याला रोज तोच माल लागतो, त्याला तो कोपरा विकता येत नाही.

मु. पो. अंबरनाथ

+१००. हेच म्हणत होतो.

पीएचडीग्रस्त

नाही, तुम्ही हे नव्हता म्हणत, तुम्ही कच्च्या मालाचं म्हणत होता. कापूर वितळवून किंवा द्रावणात घेऊन पंपाने सोडला तर फीडचा प्रश्न बराच सुटतो. मग अडचण कापराची नाही, बोटीची आहे.

यामानोते

इकडून जपानातून थोडं. कार्बन कुठला यावरून एवढा काथ्याकूट चाललाय, पण सीव्हीडीत नेहमी मरतो तो उत्प्रेरक. लोखंडाचा कण काही नॅनोमीटरचा असतो, कार्बन त्याच्या पृष्ठभागावर तुटतो आणि कणातून नळी होऊन बाहेर येतो, पण त्याच वेळी त्याच्यावर फालतू अमॉर्फस कार्बन चढत जातो आणि काही मिनिटांत कण गुदमरतो. २००४ मध्ये एआयएसटी या इथल्या सरकारी संशोधन संस्थेत केंजी हाता यांच्या गटाने इथिलीनबरोबर अगदी थोडी पाण्याची वाफ सोडली, ती फालतू कार्बन खाऊन टाकते, आणि १० मिनिटांत २.५ मिलिमीटर उंच जंगल उगवलं, म्हणजे दाटीने उभ्या नळ्या. त्याही एकपदरी, म्हणजे एकाच भिंतीच्या; एकात एक भिंती असल्या की बहुपदरी. पुढे झिऑन कंपनीने २०१५ मध्ये तोकुयामाला या पद्धतीचा कारखाना सुरू केला. तिथे मुख्य फरक पाण्याने पडला, गॅस कुठला हे त्यानंतर आलं.

भट्टीवाली

अहो पण हे तर माझ्याच बाजूचं झालं! कापराच्या रेणूत ऑक्सिजन आहे, दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. कुमार-आंदो हेच सांगतात की तो ऑक्सिजन अमॉर्फस कार्बन जाळत राहतो म्हणून माल मुळातच स्वच्छ येतो. वेगळं पाणी सोडायलाच नको.

यामानोते

ऑक्सिजन हवा तर अल्कोहोल घ्या की. तोक्यो विद्यापीठाच्या मारुयामांनी २००२ मध्ये इथेनॉलमधून चांगल्या एकपदरी नळ्या काढल्यात, तापमानही फार नाही. इथेनॉल आपल्याकडे उसाच्या मळीतून टँकरने निघतं, द्रव आहे, पंपाने सोडता येतं, आणि थंड टोकाला जाऊन दगड होऊन बसत नाही. सांगली-कोल्हापूरच्या मालावर नळ्या करा, कापराचा हट्ट कशाला?

मु. पो. अंबरनाथ

त्यावर एक्साइजवाले काय म्हणतील ते वेगळंच 😀

आर्कवाला

सगळेजण आर्कला म्हातारी म्हणून बाजूला सारताय म्हणून लिहितो. सीव्हीडीच्या नळ्या बघितल्यात का जवळून? वाकड्यातिकड्या, भिंतीत भोकं, दोषच दोष, कारण ७००-८०० अंशांवर कार्बनला नीट बसायला सवडच मिळत नाही. आर्कमध्ये ३००० च्या वर तापमान जातं, बहुपदरी नळी अगदी सरळ येते आणि त्यासाठी उत्प्रेरक लागतच नाही, म्हणजे मालात राहिलेलं उत्प्रेरकाचं लोखंड धुवायची भानगड नाही. मोजमाप करायचं असेल, एका नळीवर प्रयोग करायचा असेल, तर आजही आर्कचाच माल हातात धरावासा वाटतो. टनांनी कचरा करण्यापेक्षा ग्रॅमभर चांगलं केलेलं बरं.

पीएचडीग्रस्त

@आर्कवाला, अर्धं बरोबर. पण आर्कच्या मालात नळ्यांइतकाच ग्राफाइटचा भुगा आणि कार्बनचे कण असतात आणि ते वेगळे करणं लोखंड धुण्यापेक्षा त्रासाचं, कारण कार्बनातून कार्बन काढायचा. एकपदरी हवी असेल तर आर्कलाही निकेल-यिट्रियम लागतंच. आणि सीव्हीडीची बहुपदरी नळी नंतर २८०० अंशांच्या आसपास भाजली तर भिंती सरळ होतात आणि लोखंड उडून जातं. हे कारखान्यात करतात.

आर्कवाला

म्हणजे शेवटी ३००० च्या जवळ यावंच लागलं. विजेचं बिल मग कोण भरतं?

चौकस

मी कॉमर्सवाली, पण धागा वाचतेय. दोन बाळबोध प्रश्न. एक, हे सगळं जातं कुठे? दोन, आरतीच्या कापराची काजळी निरांजनाला धरते तिच्यात या नळ्या असतात का? असतील तर आमच्या घरी बराच साठा आहे.

यामानोते

चौकसताई, काजळीत लोखंडाचा बारीक कण नाही, आणि तिथे हवा भरपूर, त्यामुळे निघतात ते कार्बनचे गोल कण. नळ्या नाहीत. आणि आज सगळ्यात जास्त जातं ते लिथियम बॅटरीत. इलेक्ट्रोडच्या कणांमध्ये वीज वाहायला आधी कार्बन ब्लॅक (काजळीसारखी पूड) घालायचे, नळ्या लांब असल्याने त्याच्यापेक्षा खूपच कमी घालून काम होतं. चीनमध्ये त्सिंगहुआच्या फेइ वेइंनी फ्लुइडाइज्ड बेडची पद्धत बसवली, उत्प्रेरकाची पूड गॅसच्या झोतावर तरंगत ठेवायची आणि नळ्या तिच्यावरच वाढवायच्या, त्यातून बहुपदरी माल टनांनी निघतो. तो द्रवात कालवून काळी पेस्ट करून बॅटरीवाल्यांना विकतात.

मु. पो. अंबरनाथ

आणि इथेच माझा मूळ मुद्दा परत येतो. फ्लुइडाइज्ड बेडला हलका गॅस हवा. त्यात कापराची वाफ सोडाल तर थंड पाइपात चिकटून दुसऱ्या दिवशी प्लांट बंद. बायरने लेव्हरकुझेनला २०० टनांचा प्लांट टाकला होता, २०१३ मध्ये त्यांनी नॅनोट्यूबचं काम सोडून दिलं. त्यांच्याकडे पैसा होता, इंजिनिअर होते, गॅस होता, तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. आपल्याकडे कारखान्यांनी हात का लावला नाही याचं उत्तर घरकी मुर्गी नाही, गिऱ्हाईक हे आहे.

भट्टीवाली

गिऱ्हाईक २०१३ ला नव्हतं, आता गाडीगाडीत बॅटरी आहे. आणि मी कुठे म्हटलं की कापरावर हजार टनांचा प्लांट टाका? संशोधनाला, सेन्सरला, छोट्या मालाला काही किलो लागतात, ते आजही बाहेरून मागवतो आपण. तेवढ्यासाठी इथिलीनची सिलिंडरं, गॅस डिटेक्टर, परवानग्या हे सगळं उभं करायचं की बरणीतला कापूर घ्यायचा? पाइप गरम ठेवला तर चिकटत नाही, हीटिंग टेप नावाची वस्तू असते.

चौकस

आणि छातीला त्रास? अ‍ॅस्बेस्टॉससारखं काही वाचलं होतं.

पीएचडीग्रस्त

बरोबर वाचलंत. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ नावाची एक विशिष्ट, लांब आणि ताठ बहुपदरी नळी 'माणसात कॅन्सर होण्याची शक्यता' म्हणजे २बी गटात टाकली, बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणाले. म्हणजे आर्कवाल्यांना जी सरळ नळी आवडते तीच फुप्फुसाला नावडते. धोका मुख्यतः कोरड्या पुडीचा, पिशवी उघडताना आणि भट्टीची नळी खरवडताना.

तृतीय वर्ष

सर, मॅडम, बीएस्सीच्या प्रोजेक्टला आम्हाला हेच करायचंय. कॉलेजात एकच जुनी ट्यूब फर्नेस आहे. कापराने करू का? की गाइडला सांगून अ‍ॅसिटिलीन मागवू?

भट्टीवाली

कापूरच घे. अ‍ॅसिटिलीन तिसऱ्या वर्षाच्या हातात अजिबात नको.

मु. पो. अंबरनाथ

इतका वेळ भांडलो पण इथे मॅडमशी सहमत. फक्त एक्झॉस्ट फ्यूम हूडमध्ये, बबलरवर सतत नजर, आणि भट्टी पूर्ण गार होईपर्यंत आर्गॉन बंद करायचा नाही.

पीएचडीग्रस्त

आणि मास्क साधा कापडी नाही, फिल्टरवाला. खरवडायच्या आधी थर अल्कोहोलने ओला करून घे. रिपोर्टमध्ये नुसते एसईएमचे फोटो लावू नकोस, कुठूनतरी टीजीए (तापवत नेत वजन किती घटतं ते मोजणारी चाचणी) करून आण. हवेत ८००-९०० पर्यंत जाळल्यावर जे लालसर उरतं तो आयर्न ऑक्साइड, त्याला ०.७ ने गुणलं की लोखंड मिळतं. १५ टक्के उरलं म्हणजे तुझ्या 'शुद्ध' नळ्यांत साडेदहा टक्के लोखंड आहे. तो आकडा इथे टाक, मग पुढचं भांडू.

आर्कवाला

माझ्या मालात शून्य.

पीएचडीग्रस्त

तुमचा माल किती ग्रॅम, ते पण टाका.