मदत हवी आहे: दातांची तार आवळल्यावर कोणती गोळी?

नमस्कार मंडळी. ग्रुपवर कुणी ऑर्थोडॉन्टिस्ट किंवा डेंटलचे विद्यार्थी असतील तर जरा सांगा. लेक दहावीत आहे, दादरला तार बसवलीय. तार आवळली की त्याच संध्याकाळी ठणका सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी तर कळस. पाव चहात बुडवून दाढांनी कसाबसा चावते, वडा तसाच राहतो. आठवडाभरात मग सगळं शांत.

डॉक्टर म्हणाले, पॅरासिटामॉलच द्या, आयबुप्रोफेन नको. का ते वाचून थोडंफार कळलं. दात ज्या बाजूला ढकलला जातो तिथलं हाड ऑस्टिओक्लास्ट पेशी पोखरतात, आणि मागे राहिलेल्या जागेत ऑस्टिओब्लास्ट नवं हाड भरतात. मुळाभोवतीच्या तंतूंवर ताण आला की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं. तेच ऑस्टिओक्लास्टना कामाला लावतं आणि तेच ट्रायजेमिनल नसेची (दातांची जाणीव मेंदूकडे नेणारी नस) टोकं हुळहुळी करतं. म्हणजे दुखणं आणि दात सरकणं, दोन्हींचा मुकादम एकच! आयबुप्रोफेन नेमकं त्यालाच अडवतं.

पण एखाद-दुसऱ्या गोळीने खरंच फरक पडतो, की हे रोज घेणाऱ्यांपुरतंच? पॅरासिटामॉल तार आवळायच्या तासभर आधी दिलं तर चालतं का? पुढचे दोन दात बोटाने किंचित हलतात, ते यामुळेच ना? सासूबाई लवंगेचं तेल लाव म्हणतात. अख्ख्या जबड्याला कुठे लावत बसू?

पुढची तारीख नेमकी प्रीलिमच्या आठवड्यात आलीय. ती पुढे ढकलली तर चालेल का, तेही सांगा.