सकाळी हातांना कंप, तळपायांची आग : श्रावणापासून दारू एकदम बंद करावी का?

गोदाकाठ :

माझे वय ४६ आहे. नाशिकजवळच्या एका कारखान्यात मी पर्यवेक्षक आहे. रोज रात्री जेवणाआधी दारू घेण्याची सवय बरीच वर्षे आहे. पूर्वी दोन पेगवर भागत असे, आता १८० मिलीची क्वार्टरही पुरत नाही आणि सुट्टीच्या दिवशी दुपारीच सुरुवात होते. कामावर कधी पिऊन गेलेलो नाही, घरात आरडाओरडा नाही आणि दरवर्षी श्रावण कडक पाळतो, म्हणून हे व्यसन नव्हे असे घरचेही म्हणत आले आणि मीही.

गेल्या काही महिन्यांत मात्र शरीर वेगळेच सांगू लागले आहे. सकाळी चहाचा कप उचलला की बशीवर खणखण आवाज होतो, त्यामुळे आता मी चहा पेल्यातून घेतो. दात घासताना कोरड्या ओकाऱ्या येतात. पहाटे तीनच्या सुमारास घामाने बनियन भिजून जाग येते. रात्री तळपायांची इतकी आग होते की चादरीचा स्पर्शही नकोसा वाटतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत यकृताच्या चाचण्यांपैकी एसजीओटी १४८, एसजीपीटी ६२, जीजीटी ३१० आले, तर एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १०४ आणि प्लेटलेट १ लाख ३० हजार आले. सोनोग्राफीत दुसऱ्या श्रेणीचे फॅटी लिव्हर लिहिले आहे. बिलिरुबिन (काविळीत वाढणारे रक्तातले पिवळे द्रव्य) ठीक आहे.

दारू सोडायची हे आता नक्की केले आहे. येत्या अमावास्येनंतर श्रावण लागताच एकदम बंद करावी की हळूहळू कमी करावी? यकृत पूर्ववत होते का? दवाखान्यात दाखल व्हावेच लागते का? एक गोष्ट सांगायची राहिली : मागच्या श्रावणाच्या दुसऱ्या रात्री पंख्याच्या घरघरीत कोणीतरी माझे नाव घेऊन बोलत असल्यासारखे वाटत होते. अंगही कापत होते. तेव्हा तो तापाचा परिणाम असावा असे आम्ही समजलो.

वैद्यकमित्र :

मी तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून काम करतो. आपण शेवटी लिहिलेली पंख्याची गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. जे डॉक्टर आपल्याला तपासतील त्यांना ती पहिल्या पाच मिनिटांत सांगावी. दारू थांबल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत असे आवाज ऐकू येणे, अंग कापणे, घाम सुटणे, झोप न लागणे ही दारू तुटल्याची लक्षणे असतात, आणि ज्याला ती एकदा आली आहेत त्याला पुढच्या वेळी अधिक तीव्रतेने येण्याचा संभव असतो. म्हणजे दरवर्षी श्रावण पाळता आला, यावरून यंदाही तो सुखरूप पार पडेल असे धरता येत नाही.

दारू मेंदूला दाबते. रोज दाबल्या जाणाऱ्या मेंदूची उत्तेजित करणारी यंत्रणा तो दाब सोसण्यासाठी वाढत जाते, आणि रात्रीची दारू पहाटेपर्यंत उतरली की तीच यंत्रणा मोकाट सुटते. आपले तीन वाजताचे जागे होणे, कंप आणि कोरड्या ओकाऱ्या बहुतांशी यातून येतात. सुट्टीच्या सकाळी उतारा घेतल्यावर हात स्थिर होतात का, हे आपण लिहिलेले नाही. होत असतील तर शरीर दारूवर अवलंबून आहे याविषयी शंका उरत नाही, मग माणूस कामावर कितीही वक्तशीर असो.

शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते आठ तासांत थरथर सुरू होते. आकडी यायची असल्यास ती बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, घरातली माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दारू पूर्णपणे बंद करावी, परंतु एकट्याने, घरी, एका रात्रीत नव्हे. डॉक्टरांना भेटेपर्यंत रोजचे प्रमाण एकाएकी शून्यावर आणू नये, आणि ही भेट श्रावणाची वाट न पाहता याच आठवड्यात घ्यावी. आपला मागचा अनुभव आणि प्लेटलेट पाहता मी माझ्या रुग्णाला काही दिवस दाखल होण्यासच सांगितले असते.

उपचार अवघड नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा, यकृत अधिक दुबळे असल्यास, लोराझेपाम अशी मेंदू शांत करणारी औषधे मोजून दिली जातात आणि साधारण आठवडाभरात उतरवत बंद केली जातात. ती मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नयेत. दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावू शकतो. दुसरी गोष्ट थायमिनची, म्हणजे जीवनसत्त्व ब-१ ची. आपल्याकडे अशक्तपणा वाटला की जवळच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेण्याची पद्धत आहे. दीर्घकाळ पिणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात थायमिन बहुधा कमी असते, आणि अशा वेळी थायमिनशिवाय नुसते ग्लुकोज चढवल्यास डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे, गोंधळ उडणे असा मेंदूचा गंभीर आजार उद्भवू शकतो, ज्यातून स्मरणशक्तीचे कायमचे नुकसान होते. सलाईन लावणाऱ्याला आपण रोज दारू घेता हे स्पष्ट सांगावे. संकोचापायी लपवण्याची ही बाब नव्हे.

आता यकृताविषयी. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक, वाढलेले जीजीटी आणि मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशी हा दारूचाच ठसा दिसतो. केवळ चरबी साठलेली असेल तर दारू पूर्ण थांबल्यावर काही आठवड्यांत ती उतरू लागते. मात्र सोनोग्राफीवरून यकृत किती कठीण झाले आहे हे नीट समजत नाही, आणि कमी प्लेटलेट ही थोडी काळजीची खूण आहे, म्हणून यकृताचा कठीणपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून घ्यावा. सिरॉसिसचे, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण झाल्याचे, निदान झाले तरी दारू सोडण्याचा लाभ संपत नाही; त्या टप्प्यावर सोडणारेही न सोडणाऱ्यांपेक्षा अधिक जगतात. तळपायांची आग नसांना झालेल्या इजेमुळे असावी. ती सुधारायला अनेक महिने लागतात आणि कधी पूर्ण जातही नाही. रक्तातील साखर व ब-१२ तपासावे, कारण मधुमेहातही पाय असेच जळतात.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, डोळे पिवळे होणे, पोट पाण्याने फुगणे किंवा दिवसा झोप आणि रात्री बरळणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वरच्या पोटात असह्य दुखून ती कळ पाठीत जात असेल तर स्वादुपिंडाला सूज असू शकते, तिथेही थांबू नये.

दारू हलकी करून पाहण्याचा सल्ला कोणी देईल, म्हणून हिशेब सांगतो. ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिली व्हिस्कीत सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. दोन बाटल्या बिअर म्हणजे क्वार्टरहून अधिक.

सह्याद्रीपुत्र :

डॉक्टरसाहेबांचा मान राखून लिहितो. आमच्या काकांनी पंढरपुरात माळ घातली आणि त्या दिवसापासून दारूला स्पर्श केला नाही. त्यांना ना आकडी आली, ना भ्रम झाला. मनाचा निश्चय असला की औषधे आणि दाखल होणे यांची गरज पडत नाही, उलट दवाखान्याच्या भीतीने माणूस सोडण्याचा विचारच सोडून देतो, असे माझे मत आहे.

वैद्यकमित्र :

आपल्या काकांविषयी मला मनापासून आदर आहे. माळेचा आधार घेऊन कायमचे दारूमुक्त झालेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि गळ्यातल्या माळेकडे पाहून मित्रही आग्रह करत नाहीत, हा तिचा फार मोठा उपयोग आहे. परंतु आकडी येणे न येणे हे निश्चयावर ठरत नाही. रोजचे प्रमाण, किती वर्षे, पूर्वीचा अनुभव आणि सोबतचे आजार यांवर ते ठरते. अनेकांना औषधांशिवाय निभावते हे खरे असले तरी या गृहस्थांना मागच्या वेळी आवाज ऐकू आले होते. त्यांनी दवाखान्यातून आल्यावर अवश्य माळ घालावी.

निशिगंध :

मी एका पिणाऱ्याची पत्नी म्हणून, आपल्या पत्नीसाठी लिहीत आहे. ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटीच्या मागे, भिंतींवर सर्वत्र दिसतात आणि हतबल झालेली बाई त्या पुड्या आणतेच. त्यांत काय असते हे कोणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर ते रुग्णाच्या संमतीने, यकृत आणि हृदय तपासूनच देतात. भाजीत गुपचूप कालवणे हा जिवाशी खेळ आहे, आणि समजा जीव वाचला, तरी त्या घरातल्या जेवणावरचा विश्वास परत येत नाही.

बाटल्या मोरीत ओतून देण्याची घाईही वैद्यकमित्रांनी सांगितलेल्या कारणासाठीच करू नये. डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावे, कारण रोजचे प्रमाण बायको अधिक अचूक सांगते. आणि आपल्या पत्नीला तिच्यासारख्या इतर स्त्रियांशी बोलायला मिळावे असे मला फार वाटते. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींचा सहचरी गट आहे आणि कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. नवऱ्याचे पिणे आपल्यामुळे सुरू झाले नाही, हे दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकल्यावर जेवढे पटते तेवढे पुस्तकातून पटत नाही.

वाटसरू :

मी दारू सोडून बराच काळ लोटला आहे. औषधांविषयी डॉक्टरांनी लिहिलेच आहे, मी त्यानंतरच्या दिवसांविषयी लिहितो, कारण शरीर आठवड्यात सावरते आणि खरी कसोटी तिथून सुरू होते.

श्रावणाला शेवटचा दिवस असतो. तो दिवस डोळ्यांसमोर ठेवून महिना काढणे आणि परतीचा दिवसच नाही हे मान्य करणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या निर्णयाला श्रावणाची तारीख जोडू नये असे मी आग्रहाने सांगेन, नाहीतर गणपती आले की मित्र दारात उभे राहतील आणि आपल्याकडे त्यांना देण्यासारखे उत्तर नसेल. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. आज महाराष्ट्रात तिच्या मराठी सभा भरतात, तिथे शुल्क नाही आणि पूर्ण नाव विचारले जात नाही. ‘फक्त आजचा दिवस’ एवढाच संकल्प तिथे रोज केला जातो. कायमचे सोडायचे आहे हे ठाऊक असूनही ते ओझे एकाच दिवशी उचलायचे नाही, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

घरी राहून जमत नसेल तर डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात काही आठवडे राहावे. रजेची अडचण असेल तर आधी १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर बोलावे. दोन्ही मोफत आहेत.

पहिले काही आठवडे झोप तुटक लागेल, चिडचिड होईल, गोड खावेसे वाटेल. संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यापासून जेवणापर्यंतचा वेळ सर्वांत कठीण असतो. त्या वेळेत पोट रिकामे ठेवू नका. आल्याबरोबर काहीतरी खा, आणि दुकानावरून जाणारा रस्ता बदला. वर्षभरानंतर ‘आता एखादा पेग चालेल’ असा विचार येतो, अगदी शांतपणे येतो. तो आला की त्याच संध्याकाळी कोणाला तरी बोलून दाखवा. आणि समजा पाय घसरलाच तर लाजेने आठ दिवस घरात बसू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करा.

गोदाकाठ :

सर्वांचे आभार. वैद्यकमित्रांच्या प्रश्नाचे उत्तर : होय, रविवारी सकाळी थोडी घेतली की हात थांबतात. काल पत्नीसह इथल्या फिजिशियनांना भेटलो, पंख्याची गोष्ट सर्वांत आधी सांगितली आणि त्यांनीही दाखल होण्यास सांगितले. सोमवारी भरती होत आहे. फायब्रोस्कॅनही तेव्हाच होईल. श्रावणाची वाट पाहणार नाही. पुण्याच्या केंद्रात चौकशी केली आहे. एकच शंका उरते : दवाखान्यातून घरी सोडल्यावर लगेच कामावर रुजू झालो तर चालेल का? माझ्या हाताखाली प्रेस मशीन आहेत आणि जाणे-येणे मोटारसायकलने होते.

वैद्यकमित्र :

औषधे पूर्ण उतरेपर्यंत मशीनजवळ उभे राहू नये आणि मोटारसायकलही चालवू नये, कारण त्यांनी गुंगी येते. डिस्चार्जच्या वेळी तेवढ्या दिवसांच्या रजेचा दाखला मागून घ्यावा. कारण काय लिहावे हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. थायमिनच्या गोळ्या मात्र घरी आल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवाव्यात, आणि यकृताच्या तपासण्या पुन्हा कधी करायच्या ती तारीख तिथेच लिहून घ्यावी.