काळजी करणे, काळजी घेणे, काळजी वाहणे: मध्यमवयातील मैत्रीसाठी नेमका शब्द कोणता?

विचारणा

आम्ही पाच मैत्रिणी गेली २५ वर्षे एकमेकींच्या सतत संपर्कात आहोत आणि आता सगळ्याच चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे निघालो आहोत. पूर्वी आमच्या बोलण्यात नोकरी, प्रवास आणि पुढचे बेत असत. आता एकीच्या वडिलांचे वाढते विस्मरण असते, दुसरीच्या मुलाने मध्येच सोडलेले शिक्षण असते, तिसरीच्या नवऱ्याची गेलेली नोकरी असते, आणि या सगळ्याच्या मधून रोजचे घर चालवणे असतेच. अशा वेळी आम्ही एकमेकींसाठी जे करतो, त्याला मराठीत काय म्हणावे, हे मला अलीकडे एका चुकीमुळे विचारावेसे वाटले.

ज्या मैत्रिणीचे वडील आजारी आहेत, तिला मी लिहिले की, ‘रविवारी तुझे सांत्वन करायला येते.’ तिचे उत्तर आले, ‘अगं, बाबा आहेत अजून.’ मला फार वाईट वाटले, कारण माझ्या मनात तसे काहीच नव्हते. मला फक्त तिच्याजवळ जाऊन बसायचे होते. त्यानंतर शब्द शोधू लागले, तेव्हा एकही पुरेसा वाटेना. ‘मदत’ म्हटले की पैसा किंवा एखादे काम डोळ्यांसमोर येते. ‘आधार’ म्हटले की समोरची व्यक्ती निराधार झाली आहे, असे सुचवल्यासारखे होते, आणि आमच्यातली एकही तशी नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

‘सांत्वन’ या शब्दाने आपल्याला दगा दिला, यात आपला दोष थोडा आणि शब्दाच्या प्रवासाचा अधिक आहे. संस्कृतात ‘सान्त्व’ आणि त्यापासून झालेले ‘सान्त्वन’ म्हणजे गोड बोलून समजावणे, शांत करणे; रागावलेल्या माणसाचेही सान्त्वन करता येत असे. आजच्या मराठीत मात्र हा शब्द मृत्यूच्या प्रसंगाला जवळजवळ चिकटून बसला आहे. परीक्षेत अपयश आलेल्या मुलाचे सांत्वन केले, असे अजून कोणी लिहिते. पण आजारी माणसाच्या घरी हा शब्द नेणे धोक्याचे आहे. रागावलेल्या किंवा रुसलेल्या माणसासाठी आता आपण ‘समजूत काढणे’ वापरतो, आणि संकट अजून चालू असेल तर ‘धीर देणे’ किंवा ‘दिलासा देणे’. यांतही फरक आहे. धीर हा ज्याचा त्याच्याकडे असतो; तो खचतो, सुटतो, पुन्हा धरावा लागतो, आणि दुसरा माणूस तो सावरायला हातभार लावतो. दिलासा मात्र बाहेरून येतो, एखाद्या बातमीने किंवा निर्णयानेही तो मिळतो. ‘तपासणीच्या अहवालाने दिलासा दिला’ हे वाक्य बरोबर आहे, तर ‘अहवालाने धीर दिला’ हे कानाला खटकते, कारण धीर द्यायला माणूसच लागतो.

आपल्याला हवा असलेला शब्द मला ‘काळजी’च्या आसपास सापडेल असे वाटते. हा शब्द एकटा घेतला तर फसवा आहे. त्याच्यापुढे कोणते क्रियापद येते, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

काळजी ‘वाटते’ आणि काळजी ‘लागते’, तेव्हा ती आपल्या इच्छेने येत नाही. भूक लागते, तहान लागते, ओढ लागते, तशीच काळजी लागते. म्हणून तिथे ‘मला’ असे म्हणावे लागते, ‘मी’ नव्हे. काळजी ‘करतो’ तेव्हा आपण कर्ते होतो, निदान व्याकरणापुरते तरी, आणि म्हणूनच ‘काळजी करू नकोस’ असे सांगता येते, ‘काळजी लागू नकोस’ असे सांगता येत नाही. काळजी ‘घेतो’ तेव्हा मात्र शब्दाची दिशाच बदलते: ती मनातून निघून हातात येते. औषधांच्या वेळा पाळणे, जिन्यावरचा दिवा चालू ठेवणे, झोप झाली की नाही ते पाहणे, ही घेतलेली काळजी आहे. दूरध्वनी ठेवताना आपण एका दमात म्हणतो, ‘काळजी करू नकोस, काळजी घे,’ आणि बोलणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला त्यात कसलाही विरोध जाणवत नाही. एकच नाम पाठोपाठ दोन वाक्यांत आले आहे, एकदा नको म्हणून आणि एकदा हवे म्हणून.

हे दोन अर्थ वेगळे आहेत याचा आणखी स्पष्ट पुरावा त्यांच्या विरुद्धार्थी शब्दांत आहे. जो काळजी घेत नाही तो ‘निष्काळजी’, आणि ज्याला काळजी नाही तो ‘निश्चिंत’. पहिला शब्द दोष दाखवतो, दुसरा सुख. ‘बेफिकीर’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहतो आणि बोलणाऱ्याच्या स्वरावरून त्याला स्तुती म्हणायचे की निंदा, हे ठरते. आपल्या मैत्रिणीसाठी आपण जे करता ते असे सांगता येईल की, तिला काही तास निश्चिंत होता यावे, पण त्या तासांत वडिलांच्या बाबतीत कोणी निष्काळजी राहिले असे होऊ नये, म्हणून आपण तिथे असता. त्यासाठी ‘काळजी वाहणे’ हा जुना प्रयोग मला सर्वांत जवळचा वाटतो. हल्ली तो जवळजवळ फक्त ‘काळजीवाहू सरकार’ या जोडीत उरला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे मत

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. त्यात व्युत्पत्तीच्या अंगाने थोडी भर घालतो.

‘चिंता’ हा शब्द संस्कृत ‘चिन्त्’ म्हणजे विचार करणे या धातूपासून आला, आणि त्याच धातूपासून ‘चिंतन’ही आले. ‘फिकीर’ हा शब्द अरबी ‘फिक्र’पासून आला आणि त्याचाही मूळ अर्थ विचार असाच आहे. म्हणजे दोन अगदी वेगळ्या भाषाकुळांत विचाराचा शब्द घसरत घसरत काळजीच्या अर्थाला येऊन पोहोचला. ‘काळजी’चे मात्र तसे नाही, तिचे नाते विचाराशी नसून ‘काळीज’ या शरीराच्या भागाशी आहे. रात्री उशिरापर्यंत मुलाचा निरोप आला नाही, की आधी काळजात काहीतरी हलते आणि विचार नंतर सुरू होतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या शब्दाची निवड किती अचूक आहे ते सांगावे लागणार नाही.

आता ‘वाहणे’. भगवद्गीतेच्या ९व्या अध्यायातील २२व्या श्लोकात ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ असे आहे, आणि त्याच श्लोकात ‘चिन्तयन्तः’ हा शब्द ‘चिंतन करणारे’ या मूळ अर्थाने येतो. म्हणजे आज आपण ज्याला काळजीचे शब्द समजतो, त्यांतले दोन तिथे शेजारी आहेत: भक्त चिंतन करतात आणि देव वाहतो. जे मिळालेले नाही ते मिळणे म्हणजे योग आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण होणे म्हणजे क्षेम, असा या जोडशब्दाचा रूढ अर्थ सांगितला जातो. विशीतल्या मैत्रीत बहुतेक बोलणे योगाचे असते, नोकरी मिळेल का, घर होईल का असे. चाळिशीनंतर ते क्षेमाकडे वळते: आहे ते आरोग्य, आहेत ती माणसे, आहे तो संसार टिकावा.

याच धातूचा आणखी एक शब्द या वयाच्या नावातच आहे. ‘प्रौढ’ हा शब्द ‘प्र’ आणि ‘ऊढ’ यांचा संधी आहे, आणि ‘ऊढ’ हे ‘वह्’ या धातूचे भूतकालवाचक रूप आहे. सामान्य नियमाने ‘प्रोढ’ व्हायला हवे होते, परंतु काही मोजक्या शब्दांपुरता वेगळा नियम लागून ‘प्रौढ’ झाले. तेव्हा काळजी वाहणे आणि प्रौढ असणे यांचा संबंध निदान शब्दांच्या मुळाशी तरी आहे.

मूळ विचारणा करणारी

दोन्ही उत्तरांबद्दल आपली ऋणी आहे. ‘काळजी वाहणे’ मला पटले, परंतु एक अडचण उरते. मी मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्या वडिलांची काळजी घेते, हे वर्षातून चार-पाच वेळाच घडते. उरलेल्या दिवशी मी तिच्यासाठी प्रत्यक्ष काहीच करत नाही. सकाळी एक ओळ लिहिते, रात्री तिचा दूरध्वनी आला तर तासभर ऐकते. त्या तासात ती तेच तेच सांगते, आणि ते तेच तेच आहे हे तिलाही ठाऊक असते. कुटुंबातले लोक त्याला ‘रडगाणे’ म्हणतात, जे मला अन्यायाचे वाटते. या ऐकण्याला काही नाव आहे का? तसेच ‘साथ’ आणि ‘सोबत’ यांतले काय योग्य ठरेल?

उत्तर

आधी सोपे सांगतो. ‘साथ’ हा शब्द संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे एकत्र प्रवास करणारा व्यापाऱ्यांचा तांडा, यापासून आला. ‘सोबत’ अरबी ‘सोहबत’पासून. साथ ‘देतात’, म्हणजे तीत सहभाग असतो. तबल्याची साथ गाण्याच्या लयीबरोबर चालावी लागते. सोबत ‘असते’ किंवा ‘करतात’, आणि तिच्यात नुसते असणे पुरते. रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसलेली मैत्रीण सोबत करते. भावंडांच्या वादात आपली बाजू घेऊन बोलणारी साथ देते.

दुसऱ्या वेळी आपण ‘पाठीशी’ हा शब्द वापरणार असाल, तर प्रत्ययाकडे लक्ष द्यावे. पाठीशी ‘उभे राहणे’ हा आधार आहे, पाठीशी ‘घालणे’ म्हणजे चूक झाकणे, पाठीस ‘लागणे’ हा त्रास आणि पाठीमागे ‘बोलणे’ ही निंदा. ‘पाठराखण’ हा सुंदर शब्दही वर्तमानपत्रांतील वापरामुळे आता बहुधा अपराध्याच्या बचावासाठी येतो, म्हणून तो मैत्रीसाठी वापरताना मी तरी कचरतो.

सकाळच्या त्या एका ओळीला ‘विचारपूस’ म्हणावे. हा समानार्थी शब्दांचा जोड आहे: विचारणे आणि पुसणे. इथले ‘पुसणे’ म्हणजे विचारणे हे ‘पृच्छ्’ या धातूपासून आले आहे, आणि डोळे पुसतो ते ‘पुसणे’ वेगळ्या, ‘प्रोञ्छ्’ या धातूपासून. मराठीत येताना दोन्ही एकाच उच्चारात मिळाली. ‘चौकशी’चाही मूळ भाव फारसा वेगळा नव्हता, पण समित्या आणि अहवाल यांच्या सहवासात तो शब्द कोरडा झाला. आजारी वडिलांची चौकशी शेजारी एकदा करतात. विचारपूस रोज होते आणि तिला उत्तराची घाई नसते. विचारपुशीला उत्तर म्हणून ‘ठीक’ एवढेच आले तरी ती पूर्ण होते.

राहिले ते रात्रीचे ऐकणे. ‘रडगाणे’ हा ऐकणाऱ्याच्या कंटाळ्याने ठेवलेला शब्द आहे. सांगणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तिथे ‘मन मोकळे करणे’ आहे. पण ऐकणाऱ्याच्या कृतीला शब्द हवा आहे, आणि तो मराठीत आहे, फक्त आपण त्याला रुग्णाच्या खाटेशेजारी बसवून ठेवले आहे. तो शब्द ‘शुश्रूषा’. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, आणि ‘शुश्रूषा’ म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूंचे ऐकण्याची इच्छा, त्यातून आज्ञापालन, त्यातून सेवा, आणि शेवटी रुग्णसेवा, असा त्याचा अर्थ सरकत गेला. अनेक वर्षे मुद्रितशोधनाचे काम करताना हा शब्द मी ‘सुश्रुषा’, ‘शुश्रुषा’ अशा रूपांत असंख्य वेळा दुरुस्त केला आहे, आणि दर वेळी मला वाटत आले आहे की, शब्दातला ‘श्रु’ लोकांना दिसला असता, तर तो असा चुकला नसता.

आपल्या मैत्रिणीच्या वडिलांची शुश्रूषा ती करते, आणि मूळ अर्थाने पाहिले तर तिची शुश्रूषा आपण करता.

मूळ विचारणा करणारी

हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. वडिलांचे विस्मरण असे आहे की, ते एकच प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारतात आणि माझी मैत्रीण वीस वेळा उत्तर देते. रात्री ती मला तेच तेच सांगते तेव्हा मी ऐकते. दोन्हीकडे एकच शब्द लागू पडेल, असे मला वाटले नव्हते.

एक शंका मात्र आहे. आज मी तिला ‘मी तुझी शुश्रूषा करते’ असे लिहिले, तर ती स्वतः आजारी आहे, असाच अर्थ निघेल ना?

उत्तर

होय, तसाच निघेल, म्हणून तसे लिहू नये. रूढ अर्थ बोलण्यात नेहमीच मूळ अर्थावर मात करतो, आणि ‘सांत्वना’च्या बाबतीत आपण तो अनुभव घेतलाच आहे. मनात शब्द कोणताही असो, मैत्रिणीला लिहिताना साधे क्रियापद पुरे. ‘रात्री दहानंतर मी जागी आहे, बोल’ असे लिहावे.