यूएचएफ, तांबोशी आणि मामाचं लोकल चॅनेल

झाडाखालचा: काल लेकाने 'यूएचएफ' लावला. १९८९ चा पिक्चर, विअर्ड अल यान्कोविकचा. हिट गाण्यांची विडंबनं करणारा, कुरळ्या केसांचा अकॉर्डियनवाला, तोच. यात त्याची एक नोकरी धड टिकत नाही. काका जुगारात चॅनेल ६२ जिंकतो आणि ते डबघाईला आलेलं स्टेशन या पोराच्या गळ्यात पडतं. लेक हसून लोळत होता, मला मामा आठवला.

१९९३-९४ ला मामाचं केबल होतं, सांगलीकडे. दोन गल्ल्या, शंभरेक कनेक्शनं. माडीवर देव्हाऱ्याला खेटून व्हीसीआर. चित्र फाटलं की मामा कोरी दहाची नोट स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायचा. दुपारी पिक्चर लावून झोपायचा. कॅसेट संपली की पडद्यावर निळं आणि खालून "ओ केबलवाले!" मग मामी वर जाऊन हाताला येईल ती कॅसेट लावायची. एकदा माझी मुंज लागली. भिक्षावळीपर्यंत गल्लीने बघितली. मी टक्कल करून रडतोय आणि खाली पट्टी फिरतेय, 'साड्यांचा भव्य सेल'.

तुमच्याकडचं लोकल चॅनेल सांगा. पिक्चर पाहिला असेल तर तेही.

पाणीपुरी: मेले मी 😂 मुंज

सव्वासहा: त्यातला झाडूवाला स्टॅनली म्हणजे 'साइनफेल्ड' मालिकेतला क्रेमर हो! मायकेल रिचर्ड्स. 'साइनफेल्ड'चा पहिला भाग जुलै ८९ चा आणि हा पिक्चरही त्याच जुलैतला. झाडूवाल्याला लहान मुलांच्या कार्यक्रमात उभा करतात आणि तोच स्टेशन तारतो. लापशीच्या टबात गोटी सापडली म्हणून त्या पोराला बक्षीस काय, तर आगीच्या बंबाचं पाणी प्यायचं! पोरगं उडतं अक्षरशः. आलेच, कुकर.

टल्साकर: मी अमेरिकेत टल्सात (ओक्लाहोमा) शिकायला होतो, पेट्रोलियमला. सगळं शूटिंग तिथलं, १९८८ चं. स्टुडिओच्या आतले बरेच सीन एका ओस पडलेल्या मॉलमध्ये घेतलेत. आमचा घरमालक दर पार्टीत हेच सांगायचा. टल्सात मराठी घरं मोजकीच, गणपतीला एकाच्या गॅरेजमध्ये जमायचो. मोदकांना खवलेला नारळ मिळायचा नाही, सुका कीस भिजवून... असो, विषय भरकटला.

मालवणची सून: चॅनेल ६२ वरचा तो माशांचं चक्र फिरवून बक्षीस द्यायचा खेळ! बाई रेड स्नॅपर जिंकते आणि तो सोडून बंद खोका मागते. खोका रिकामा. खेळ घेणारा तो कुनी तिला "स्टुपिड" म्हणून ओरडतो ते बरोबरच आहे. रेड स्नॅपर म्हणजे आमची तांबोशी! तांबोशी सोडून खोका?? सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "गो, हिका पयला घरातसून भायर काढा."

पाणीपुरी: @मालवणची सून तांबोशीला तिरफळं घालतेस का?

मालवणची सून: नाही गं, तिरफळं बांगड्याला. तांबोशी रवा लावून तळायची, डोक्याची आमटी. सांगते निवांत.

एकटा टायगर: मला 'गांधी २' ची खोटी जाहिरात खटकली होती. गांधीजी मशिनगन चालवतात, हॉटेलात स्टेक मागवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रूममेट गोरे, सगळे माझ्याकडे बघत होते, हसू की नको. हसलो. नंतर रात्री वाईट वाटलं. आता वाटतं चेष्टा हॉलिवूडच्या पार्ट टू काढायच्या खोडीची आहे. तरी आजोबांना (चले जावमध्ये तुरुंगात होते) दाखवलं नसतं.

सव्वासहा: @टायगर अगदी. मीही तो तुकडा पुढे ढकलते.

कोरा चहा: यूएचएफ म्हणजे काय ते कोणी सांगेल का, मी २००१ चा

झाडाखालचा: @कोरा चहा बाळा, तिकडच्या जुन्या टीव्हीला दोन बटणं. एकावर २ ते १३, ती मोठी चॅनेलं. दुसऱ्यावर १४ ते ८३, ते यूएचएफ. तिथे मुंग्या जास्त, चित्र कमी. त्यात ६२ म्हणजे आपल्या आळीचं शेवटचं घर.

कोरा चहा: मुंग्या??

पाणीपुरी: झालं. म्हातारे झालो आपण.

टल्साकर: चालला नाही बिचारा. त्याच उन्हाळ्यात 'बॅटमॅन', 'घोस्टबस्टर्स २', इंडियाना जोन्स. त्यांच्यात हा कोण बघणार? व्हिडिओ कॅसेटवर आणि टीव्हीवर लागून लागून भक्त जमले.

रविवारची भजी: आमच्या लोकल चॅनेलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा ५ रुपये. मैत्रिणींनी माझं नाव एका मुलाबरोबर दिलं. बाबांनी वाचलं. पुढे काय ते विचारू नका. (त्याच्याशीच लग्न झालं. आत्ता घोरतोय.)

सव्वासहा: झाडाखालचे, मामा बरे आहेत ना?

झाडाखालचा: गेला हो, मागच्या पावसाळ्यात. केबल आधीच विकलं होतं, मोठ्या ऑपरेटरपुढे टिकाव लागेना. पिक्चरमध्ये दहा-दहा डॉलरचे शेअर विकून गाव चॅनेल वाचवतं, त्या सीनला मी उठून पाणी प्यायला गेलो.

सव्वासहा: 🙏

मालवणची सून: अरेरे. मामी?

झाडाखालचा: मामी ठणठणीत. मुंजीची कॅसेट तिच्याकडेच आहे, बुरशी आलीये. व्हीसीआर मिळाला तर लाव म्हणते.

टल्साकर: तशीच लावू नका, हेड जाईल. आधी बुरशी काढून घ्या.

पाणीपुरी: दहाची नोट आहे का कोरी?