शवासन उताणे की कुशीवर?

प्रश्न: मला गरोदरपणाचा 24वा आठवडा सुरू असून लग्नापूर्वीपासून मी नियमित योगासने करते, मात्र हल्ली शवासनात उताणे पडल्यावर चक्कर येते, तेव्हा ते सोडावे का?

उत्तर: सोडू नका, डाव्या कुशीवर वळून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन करा. साधारण 20 आठवड्यांनंतर उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि रक्तदाब उतरून चक्कर येते. डॉक्टरांच्या कानावर मात्र हे घालाच.

उत्तर: कपालभाती, कुंभक (श्वास रोखून धरणे) आणि पोटावर झोपून करायची आसने आता नकोत. मला बद्धकोणासन (तळपाय जुळवून बसण्याचे आसन) शेवटपर्यंत मानवले.

उत्तर: ताई, बाळंतपणानंतरही घाई करू नका. सिझेरियननंतर माझे पोटाचे स्नायू मधोमध विलग झालेले आढळले, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिले काही आठवडे मी केवळ दीर्घश्वसन केले आणि पोटावर ताण देणारे नौकासन कित्येक महिने टाळले.