मदत हवी आहे: आरएक्स १०० चा पुढचा शॉकअप. सॅग (वजनाने शॉकअप किती बसतो ते माप) बरोबर, तरी घाटात तळाला आपटतो

नमस्कार मंडळी,

गाडी यामाहा आरएक्स १००, १९९४ ची, बाबांनी नवी घेतलेली. मधली आठ वर्षं ती पडून होती. इंजिनाचं काम झालं, आता गाडी छान पळते. अडलंय ते पुढच्या शॉकअपवर. जमेल तेवढं मोजून आणि करून झालंय, पण कुठेतरी माझी समजूत चुकतेय. म्हणून सगळं सविस्तर लिहितो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही साताऱ्याचे. कासकडून यवतेश्वरचा घाट उतरताना वळणापाशी पुढचा ब्रेक लावला की गाडी नाक खुपसते. तशातच खड्डा आला की ठाक् आवाज येतो आणि तो थेट मनगटात जाणवतो. बाबांचं वजन तेव्हा ५५ किलो होतं, माझं ८२ आहे. त्यामुळे स्प्रिंगा थकल्या असाव्यात किंवा मला मऊ पडत असाव्यात, एवढं कळत होतं.

पहिल्या गॅरेजात शॉकअपमध्ये २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल भरून दिलं, 'जाड ऑइल टाकलं की कडक होतो' म्हणून. खडीच्या रस्त्यावर हात झिणझिणायला लागले आणि घाटात फरक शून्य. हे मला नंतर उमगलं. ऑइलची जाडी फक्त शॉकअप किती वेगाने दबायचा ते ठरवते. शहरात क्षणभर ब्रेक लावला तर जाड ऑइलाने तो कमी दबल्यासारखा वाटतो. घाटात मात्र ब्रेक चार-पाच सेकंद धरून ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात स्प्रिंग जिथे बसायची तिथे बसतेच.

दुसऱ्या मिस्त्रींनी स्प्रिंगेवर २० मिमी लांबीचे पाइपचे तुकडे बसवायला सांगितले. ते मी घरीच बसवले. त्याआधी आणि त्यानंतर सॅग मोजला. फोर्कच्या (म्हणजे पुढच्या शॉकअपच्या) पाइपला केबल टाय बांधला, एकदा गाडी दाबून हळूच वर येऊ दिली, एकदा उचलून हळूच खाली सोडली, आणि दोन्ही मापांची सरासरी घेतली. सीलच्या घर्षणामुळे दोन मापांत ६-७ मिमीचा फरक पडतो, म्हणून एकाच मापावर माझा भरवसा नव्हता.

स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबला, मग पूर्ण ओढला, तर एकूण चाल ११० मिमी भरली. तुकडे घालण्याआधी गाडी नुसत्या स्वतःच्या वजनाने २५ मिमी बसायची आणि मी बसल्यावर ५५. म्हणजे निम्मी चाल बसल्या जागीच संपत होती. तुकडे घातल्यावर नुसती गाडी ५ मिमी बसते आणि माझ्यासकट ३५. स्वार बसल्यावर चालीच्या पाव ते एक तृतीयांश सॅग असावा असं सगळीकडे वाचलंय. त्या हिशोबाने ३५ अगदी बरोबर आहे.

मग तो अजूनही तळाला का आपटतो? पूर्वीपेक्षा कमी आपटतो हे खरं, पण केबल टाय दर वेळी शेवटापर्यंत गेलेला दिसतो. शिवाय एक नवीन दुखणं लागलंय. स्पीडब्रेकरवरून चाक खाली पडताना वरच्या टोकालाही टक् वाजतं. आता तिसरे मिस्त्री म्हणतात, स्प्रिंगेचे १०-१२ वेढे कापून टाका, कडक होईल. कापून कडक कशी होईल हे माझ्या डोक्यात शिरत नाही, आणि एकदा कापली की परत जोडता येणार नाही. कुणी हे काम स्वतः केलं असेल तर कृपया सांगा. बाबा आता ७१ वर्षांचे आहेत, त्यांना मागे बसवून कासला न्यायचंय. हातातून गाडी निसटेल अशी भीती मनात ठेवून मी ते करणार नाही.

प्रतिसाद

दादा, तुमच्या ५ आणि ३५ या आकड्यांतच उत्तर आहे. स्वारासकट सॅग बरोबर आणि नुसत्या गाडीचा अगदी कमी, याचा अर्थ स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही तिला आधीच दाबून ठेवून वेळ मारून नेताय. तुकड्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. वरच्या टोकाला टक् वाजतं तेही त्यामुळेच. नुसत्या गाडीच्या वजनावर चाक खाली पडायला जेमतेम ५ मिमी जागा उरलीय.

तुम्हाला स्प्रिंगेची ताकद मोजता येईल का? स्प्रिंग वजनकाट्यावर उभी करून दाबायची. एका स्प्रिंगेचे वेढे किती, तार किती जाडीची आणि मोकळी लांबी किती तेही कळवा. स्प्रिंग काढताना गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिनाखाली ठोकळा द्या आणि वरचं टोपण शेवटच्या आट्यांना तळहाताने दाबून धरूनच सोडा. आता त्यावर मूळचा २० आणि तुकड्याचा २० असा ४० मिमीचा दाब आहे, तोंडावर उडेल.

माझं उत्तर

ओळखीच्या लेथवाल्यांच्या ड्रिलिंग मशीनवर मोजलं. चकमध्ये आखूड सळई धरली, तिच्यावर वॉशर, सळई स्प्रिंगेच्या आत (नाहीतर लांब स्प्रिंग मधेच वाकते) आणि खाली काटा. २० मिमी दाबल्यावर ८ किलो, ४० ला १६, ६० ला २४. दोन्ही स्प्रिंगा सारख्याच आल्या. वेढे ६२, तार ३.४ मिमी, वेढ्याचा मध्यापासून मध्यापर्यंत व्यास १७.५, मोकळी लांबी ३७५.

प्रतिसाद

झकास मोजलंत. म्हणजे एक स्प्रिंग ०.४ किलो प्रति मिमी, दोन्ही मिळून ०.८. तुम्ही बसल्यावर गाडी ३० मिमी खाली जाते, म्हणजे तुमच्या ८२ किलोंपैकी पुढे २४ किलो येतात. हिशोब जुळतो.

आता कापण्याचं. तार तीच ठेवून वेढे कमी केले की उरलेली स्प्रिंग कडक होते, कारण तेवढंच दबायला प्रत्येक वेढ्याला जास्त पिळावं लागतं. १२ वेढे कापले तर ६२ भागिले ५०, म्हणजे ०.४ ची साधारण ०.५ होईल. मिस्त्रींचं म्हणणं खोटं नाही. पण पुढचं बघा. ५० वेढे पूर्ण मिटल्यावर ५० गुणिले ३.४, म्हणजे १७० मिमी जागा घेतात. कापलेल्या स्प्रिंगेची मोकळी लांबी ३०२ च्या आसपास. त्यातून आधीचा दाब २० आणि चाल ११० वजा करा, उरतात १७२. फक्त दोन मिमीची फट. थोडा जादा तुकडा घातला की वेढे एकमेकांना टेकतील आणि धातूवर धातू आपटेल. म्हणून कापू नका.

जाडी वाढवा. स्प्रिंगेची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. ३.४ ची ३.६ केली तर तार फक्त ६ टक्के जाड होते आणि स्प्रिंग जवळजवळ २६ टक्के कडक. व्यास तोच, वेढे ६०, लांबी ३६५ अशी वळून घ्या. ती ०.५२ च्या आसपास येईल आणि पूर्ण मिटल्यावर २१६. भोसरीकडे ऑर्डरप्रमाणे स्प्रिंग वळून देणारे छोटे कारखाने आहेत. त्यांना सांगा की पूर्ण मिटेपर्यंत पाच-सहा वेळा दाबूनच लांबी मोजा, नाहीतर पहिल्या महिन्यात बसेल.

आणखी एक प्रतिसाद

स्प्रिंगेचं वरच्या भाऊंनी नीट सांगितलंय. माझं एवढंच की ते इंजिन ऑइल पूर्ण काढून १० डब्ल्यू फोर्क ऑइल भरा आणि पातळी मापाच्या भांड्यापेक्षा आत तार घालून मोजा. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला. दोन्ही बाजूंची पातळी मिलिमीटरला सारखी हवी. कारण ऑइलवर अडकलेली हवासुद्धा दबत जाते आणि शेवटच्या ३० मिमीत दुसऱ्या स्प्रिंगेसारखी लागते. शेवटी गरज पडलीच तर पातळी १०-१० मिमीने वाढवा, एकदम नाही. सीलवर ताण येतो. आणि चाकाचा एक्सल शेवटचा आवळण्याआधी ब्रेक धरून गाडी चार-पाचदा दाबा, म्हणजे शॉकअपचे दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर बसतील. निम्मं घर्षण तिथेच जातं.

माझं उत्तर, तीन आठवड्यांनी

स्प्रिंगा वळून मिळाल्या. काट्यावर २० मिमीला १०.५ किलो. पाइपचा तुकडा फक्त १२ मिमीचा ठेवलाय. मी बसल्यावर सॅग ३६, म्हणजे आधीइतकाच, पण नुसत्या गाडीचा ५ वरून १२ झाला. वरचं टक् बंद. एक्सल सांगितल्याप्रमाणे आवळल्यावर दोन मापांतला फरक ७ वरून ३ वर आला, हे मला सर्वांत मोठं आश्चर्य वाटलं.

यवतेश्वर घाट तीनदा उतरलो, तिसऱ्यांदा बाबांना मागे घेऊन. केबल टाय शेवटापासून ९ मिमी अलीकडे थांबलाय. ऑइलची पातळी सध्या आहे तीच ठेवतो. डाव्या सीलवर मात्र बारीक ओल दिसतेय. पाइपवर गंजाचा एक ठिपका आहे, अगदी सील घासतं त्याच जागी. तो बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून चालेल, की पाइपला नव्याने हार्ड क्रोम करून घ्यावा लागेल?